श्वासाच्या जागा

काही वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका लहान शहरातल्या थिएटरात मी रिचर्ड स्ट्रॉसचा ‘एलेक्ट्रा’ हा ऑपेरा पाहिला. तिकीट उशिरा काढलं म्हणून दुसऱ्या रांगेतली, पार कडेची खुर्ची वाट्याला आली होती. तिथून अर्धा रंगमंच दिसतच नव्हता. जो दिसत होता तो मात्र इतका जवळून, की गाणाऱ्यांच्या मानेवरचा घाम आणि कपड्यांचे टाकेसुद्धा कळावेत. परतताना शंभराहून जास्त वादकांचा तो ऑर्केस्ट्रा कानात घुमत होताच, पण त्याहून जास्त एक बारीकशी गोष्ट मनात अडकून बसली. ती अजून निघालेली नाही.

प्रसंग आई आणि मुलीचा. नवऱ्याचा खून केलेली क्लितेम्नेस्त्रा रात्र रात्र झोपू शकत नाही. वाईट स्वप्नं पडतात, त्यांवर उतारा काय, कोणाचा बळी द्यावा, हे विचारायला ती मुलीपुढे आलेली असते. अंगभर ताईत, माळा, खडे. एका हातात काठी, दुसरा हात दासीच्या खांद्यावर. मुलगी, एलेक्ट्रा, आधी कोड्यात बोलते, थोडं गोडही बोलते, आणि मग एकदम उसळते. बळी तुझाच जाणार आहे, असं आईच्या तोंडावर सांगते आणि तो कसा जाईल त्याचं वर्णन करत स्वरांची एक भयंकर चढण चढत जाते. एवढा वेळ आईच्या तोंडी एक अक्षर नाही. तिनं फक्त उभं राहायचं आणि ऐकायचं.

मी त्या ऐकणाऱ्या बाईकडे पाहत होते, कारण माझ्या खुर्चीतून तीच पूर्ण दिसत होती. साठीच्या आसपासची असावी. तिच्या छातीवरचे खडे अधूनमधून वर उचलले जात होते आणि हळूहळू खाली येत होते. आधी वाटलं, अभिनय आहे, भेदरलेल्या बाईची धाप. पण धाप उथळ असते, वरच्यावर असते. हा श्वास खाली कमरेपर्यंत जात होता, फासळ्या दोन्ही बाजूंनी उघडत होता. लांब ओळ गायच्या आधी घेतात तो श्वास. आणि तो बरोबर एलेक्ट्राची एक ओळ संपून दुसरी उचलायच्या वेळी येत होता, दर वेळी.

मुलगी गात होती आणि आई तिच्या जागांवर श्वास घेत होती.

ट्रेनमध्ये कार्यक्रमपत्रिका उघडली तेव्हा उलगडा झाला. तिच्या परिचयात एक ओळ होती: याच थिएटरात पूर्वी तिनं अनेक वर्षं एलेक्ट्रा गायली होती. म्हणजे त्या चढणीची प्रत्येक पायरी तिच्या अंगाला ठाऊक होती. गळ्यानं ती सोडली होती, फासळ्यांनी सोडली नव्हती. तिला स्वतःला हे कळत होतं की नाही, कोण जाणे. मला मात्र आपण कुणाचं तरी खासगी काही पाहिलं असं वाटत राहिलं, आणि पाहायला मिळालं याचा आनंदही होत राहिला. हे दोन्ही एकदम.

मी लहानपणी ज्या बाईंकडे गाणं शिकले, त्यांची पट्टी काळी पाच, म्हणजे हार्मोनियमच्या पाचव्या काळ्या पट्टीवर त्यांचा ‘सा’. तिसऱ्या की चौथ्या वर्षी एका संध्याकाळी आम्ही जाऊन बसलो तर तंबोरा काळी चारला लावलेला. बाई काही बोलल्या नाहीत. आम्हीही काही बोललो नाही, पण ‘सा’ लावताना आम्हा मुलींच्या नजरा एकमेकींना भिडल्या. पुढे काही वर्षांनी तो आणखी अर्ध्या स्वरानं उतरला, पांढरी पाचवर आला. भूप तोच, बंदिश तीच, बाई त्याच. घर जसंच्या तसं, फक्त जोतं थोडं खाली गेलेलं. आपल्या गाण्यात ही सोय किती मोठी आहे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आपला षड्ज गाणाऱ्याच्या सोबतीनं उतरतो. सगळे स्वर त्याच्या पाठोपाठ येतात, कुणी मागे राहत नाही.

ऑपेरात षड्ज हलत नाही. संगीतकारानं शंभर-दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेला स्वर तिथेच असतो, व्हायोलिन, शिंगं, नगारे सगळे त्याच्याभोवती बांधलेले असतात. एखादा टेनर, म्हणजे उंच आवाजाचा पुरुष गायक, एखादी एरिया, म्हणजे एकट्याचं गाणं, अर्धा स्वर खाली घेऊन निभावतो, तशी मुभा असते. पण पावणेदोन तासांचा आख्खा ‘एलेक्ट्रा’ कुणा एकीसाठी खाली येत नाही. मग जे हलू शकतं तेच हलवावं लागतं. स्वर जागचा हलत नसेल तर माणसानं गोष्टीतली आपली जागा सोडायची. मुलगी होती तिनं आई व्हायचं. प्रियकर होता त्यानं त्या प्रियकराचा बाप व्हायचं.

हे सगळं शरीरातून येतं, आणि शरीर फार बारकाईनं काम करतं. स्वरयंत्राच्या कूर्चा वयाबरोबर हाडासारख्या कडक होत जातात. स्वरतंतूंमधला स्नायू झिजतो, ते पूर्वीसारखे घट्ट मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते. छातीचा पिंजरा ताठरतो, म्हणजे भाता तोच पण कातडं कडक झालेलं. आवाजातला कंप संथ आणि रुंद होतो, इतका की कुठला स्वर लावला आहे याचीच शंका यावी. रजोनिवृत्तीनंतर बायकांचा आवाज खाली उतरतो, आणि म्हातारपणी पुरुषांचा बोलण्याचा आवाज उलट थोडा वर सरकतो. तरुणपणी एकमेकांपासून लांब गेलेले दोन आवाज उतारवयात परत एकमेकांच्या दिशेनं चालू लागतात, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले होते. आणि थकवतो तो एखादा उंच स्वर नव्हे. तो एक स्वर साठीतही लागतो, एखाद्या चांगल्या दिवशी झळाळूनही लागतो. थकवतं ते उंचावर सतत राहणं. त्या एका स्वरापर्यंत पोचण्याआधी जी वीस मिनिटं गळा वरच्या भागात टांगलेला असतो, ती सोसत नाहीत.

त्या रात्रीनंतर मी जुनी रेकॉर्डिंग्ज ऐकू लागले. 1953 सालच्या कोलोन रेडिओच्या ‘एलेक्ट्रा’त आस्ट्रिड वार्नाय एलेक्ट्रा आहे आणि लेओनी रिझानेक तिची धाकटी बहीण क्रिसोथेमिस. वार्नाय पस्तिशीची, रिझानेक सव्वीसची. मोठीचा आवाज आतून पेटलेला, काळपट. धाकटीचा वर गेला की उघडत जाणारा. संसार हवा, मुलंबाळं हवीत म्हणून तडफडणारी ती धाकटी ऐकताना आजही काटा येतो. मग 1981 साली कार्ल ब्यॉमनं वाद्यवृंद चालवलेलं रेकॉर्डिंग, ज्यावर ग्योट्झ फ्रीडरिशनं चित्रपट केला. ब्यॉमचं ते शेवटचं मोठं काम, त्याच वर्षी तो गेला. त्यात रिझानेक एलेक्ट्रा आहे. रंगमंचावर ही भूमिका तिनं कधीच केली नाही, फक्त या चित्रपटापुरती केली. आणि वार्नाय? वार्नाय तिची आई. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्या दोघी बहिणी होत्या, त्या इथे मायलेकी म्हणून समोरासमोर उभ्या. वार्नायच्या तोंडावर जे फेकलं जातं, ते एकेकाळी तिनंच दुसऱ्या कुणाच्या तोंडावर फेकलेलं. पुढे रिझानेकही त्याच वाटेनं गेली. ऑगस्ट 1996 मध्ये साल्झबुर्गला तिनं रंगभूमीचा निरोप घेतला तो क्लितेम्नेस्त्रा म्हणून, एकोणसत्तराव्या वर्षी. धाकटी बहीण, मोठी बहीण, आई. एकाच घरातल्या तिन्ही बायका एका जन्मात गाऊन झाल्या.

हा चित्रपट मी त्या एका प्रसंगासाठी पुन्हा पुन्हा पाहिला. वार्नायच्या छातीकडे पाहत बसले. मग लक्षात आलं, याचा उपयोग नाही. गाणं आधी मुद्रित झालं, चित्रण नंतर त्यावर झालं. पडद्यावर जो श्वास दिसतो तो गाण्यासाठी घेतलेला नाही. मी पाहिलं होतं ते फक्त त्या कडेच्या खुर्चीवरूनच दिसणार होतं.

पुरुषांच्या बाबतीत ही वाट सगळ्यांना ठाऊक झाली ती प्लासिदो डोमिंगोमुळे. 2009 साली, अडुसष्टाव्या वर्षी, बर्लिनला त्यानं व्हेर्दीचा सिमोन बोक्कानेग्रा गायला. बॅरिटोनची, म्हणजे टेनरहून खालच्या पुरुषी आवाजाची भूमिका, बापाची. याच ऑपेरातला तरुण प्रेमिक तो पूर्वी टेनर म्हणून गायलेला होता. ‘ला त्राव्हियाता’तला आल्फ्रेदो त्यानं वर्षानुवर्षं गायला, आणि सत्तरी ओलांडल्यावर त्याच आल्फ्रेदोचा बाप, जेर्मों, म्हणून तो उभा राहिला. यावर खूप वाद झाला आणि माझंही मन अजून एका बाजूला झुकलेलं नाही. बोक्कानेग्राला हरवलेली मुलगी सापडते, त्या प्रसंगाच्या शेवटी तो ‘मुली’ एवढाच शब्द उंच, अगदी हलका गातो. बॅरिटोनसाठी तो स्वर उंच आहे. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसानं टाचा उंचावून, हात लांब करून काही तरी हळूच उचलावं तसा तो लागतो, आणि त्या ताणलेल्या हातातच बापाची सगळी माया असते. डोमिंगोला तो स्वर उंच नाही. आयुष्यभर तो त्याच्या कितीतरी वर राहिलेला. स्वर सुंदर लागतो, पण हात ताणावा लागत नाही. आवाज खाली आला म्हणून त्याचा रंग गडद होत नाही. रंग जन्माचा असतो. हे सगळं खरं. तरी मी ते रेकॉर्डिंग लावते, कारण दुसरी एक गोष्टही ऐकू येते. मुलगा म्हणून ज्यानं बापाचं बोलणं इतकी वर्षं ऐकून घेतलं, त्याला बापाचा प्रत्येक शब्द कुठे टोचतो ते माहीत आहे. जेर्मों मुलाला घरची आठवण करून देतो तेव्हा डोमिंगो ते समजावण्यासाठी गात नाही, जुनी जखम कुठे आहे ते ठाऊक असलेल्या माणसासारखा गातो. स्वराचा न्याय एकीकडे पडतो आणि हे दुसरीकडे. दोन्ही एका तराजूत कसं घालायचं ते मला जमलेलं नाही.

रामोन विनायची गोष्ट मात्र मला कुठल्याही वादापलीकडची वाटते. हा चिलीचा गायक बॅरिटोन म्हणून सुरू झाला, टेनर झाला, आणि व्हेर्दीच्या ऑपेरातला, आपल्या काळाचा ओथेल्लो ठरला. वाद्यवृंदाचा संचालक टोस्कानिनीनं 1947 साली ‘ओथेल्लो’ केला तो त्याला घेऊन. मग वरचे स्वर जड होऊ लागले तसा तो पुन्हा बॅरिटोनकडे वळला आणि इयागो गाऊ लागला. ज्याच्या कानात विष ओतलं गेलं होतं, तो आता विष ओतणारा. 1969 साली सँतियागोला त्यानं निरोप घेतला, तेव्हा त्या रात्री तो आधी इयागो गायला आणि शेवटच्या प्रवेशात ओथेल्लो. त्या मधल्या वेळात पोशाख बदलताना आरशात त्याला कोण दिसलं असेल, याचा विचार मी कितीदा तरी केला आहे.

म्हाताऱ्या गायकांसाठी ऑपेरात काही जागा जणू राखूनच ठेवलेल्या असतात. ‘तुरानदोत’मधला वृद्ध सम्राट अशीच एक. युग क्यूएनो हा स्विस टेनर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पहिल्यांदा गायला तो या भूमिकेत, 1987 साली, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. तिथे सम्राटाचा आवाज थरथरलेला चालतो, किंबहुना तसाच हवा असतो. पण या सगळ्यांत मला सर्वांत जवळची वाटते ती चायकोव्हस्कीच्या ‘इस्पिकची राणी’मधली काउंटेस. नाच-मेजवानीहून परतलेली म्हातारी, दासी तिला निजवायच्या तयारीत, आणि ती आजच्या लोकांवर वैतागलेली: कुणाला नाचता येत नाही, कुणाला गाता येत नाही. मग तिला फ्रान्समधले जुने दिवस आठवतात. आपण गायलो होतो, राजानं ऐकलं होतं. आणि ती एक जुनं फ्रेंच गाणं गुणगुणू लागते. चायकोव्हस्कीनं ते ग्रेत्रीच्या 1784 सालच्या एका ऑपेरातून उचललेलं, तरुण मुलीच्या तोंडचं प्रेमगीत. एकदा गाते. मग तेच पुन्हा, आणखी हळू, जवळजवळ झोपेत. मार्था म्योडल ही भूमिका ऐंशी ओलांडल्यावरही करत होती. मेझो, म्हणजे बायकांचा मधला आवाज, म्हणून सुरुवात, मग सोप्रानो, म्हणजे सर्वांत उंच आवाज, होऊन वाग्नरच्या नायिका ब्रुनहिल्डे आणि इझोल्डे, मग वय झाल्यावर पुन्हा खाली. रिझानेकनं न्यूयॉर्कचा निरोप घेतला तोही काउंटेस म्हणूनच, जानेवारी 1996 मध्ये, साल्झबुर्ग त्यानंतर. या प्रसंगात फारसा आवाज लागतच नाही. जो उरला आहे तेवढा पुरतो. आणि ऐकणाऱ्याला मात्र जो उरलेला नाही तोही ऐकू येतो.

कधी कधी मला याची भीतीही वाटते. आपण नेमकं कशाला टाळ्या वाजवतो? 2013 साली एक्स-आँ-प्रोव्हान्सला पात्रीस शेरोनं ‘एलेक्ट्रा’ बसवला, त्यात एलेक्ट्राच्या परागंदा भावाचा, ओरेस्तेसचा, वृद्ध शिक्षक आणि म्हातारा नोकर या चार-दोन ओळींच्या भूमिका फ्रान्झ माझुरा आणि डोनाल्ड मॅकइंटायर यांना दिल्या होत्या. माझुरा तेव्हा एकोणनव्वद वर्षांचा. मॅकइंटायर हा 1976 साली बायरॉइटला शेरोनंच बसवलेल्या वाग्नरच्या ‘रिंग’मधला वोटान, म्हणजे देवांचा राजा, आणि इथे हरवलेला धनी परतला म्हणून गहिवरणारा नोकर. मी त्याचं चित्रण पाहिलं. आधी मनात आलं, हे प्रदर्शन तर नव्हे? ओळखीचे जुने चेहरे दाखवून आमच्या डोळ्यांत पाणी आणायची युक्ती? पण ते दोघं तिथे ज्या तऱ्हेनं उभे आहेत ते पाहिलं आणि शंका गळून पडली. रंगमंचावर पन्नास वर्षं उभं राहिलेल्या माणसाचं उभं राहणंच वेगळं असतं. तो कुणाला वाट देतो तेव्हा ती वाट दिसते.

आणि जे थांबतात त्यांचंही काही कमी नाही. लोटे लेमान स्ट्रॉसच्याच ‘रोझेनकाव्हालियर’मधली कोवळी सोफी गायली, मग पुरुषवेशातला ऑक्टाव्हियन, मग मार्शलिन, जी आरशात पाहून वय ओळखते आणि तरुण प्रियकराला सोडून देते. तिन्ही. 1951 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधल्या मैफलीत तिनं मध्येच सांगून टाकलं की हे शेवटचं. समोरून ‘नाही, नाही’ असा ओरडा झाला. तिनं मार्शलिनच्या आरशाची आठवण दिली आणि आपणही आरशात पाहिलं आहे असं सांगितलं. शेवटी शूबर्टचं संगीताचे आभार मानणारं गाणं गायला उभी राहिली, आणि अखेरची ओळ तिच्याच्यानं गायली गेली नाही. त्याचं रेकॉर्डिंग आहे. आवाज थांबतो आणि पियानो एकटाच ती ओळ पुरी करतो. ते मी एकदाच ऐकलं.

माझ्या बाईंनी असं काही जाहीर केलं नाही. पांढरी पाचनंतर त्या हळूहळू आम्हालाच जास्त गायला लावू लागल्या. एखादी जागा दाखवायची झाली तर हातानं दाखवायच्या. तान कुठे वळते, कुठे थांबते, सगळं बोटांत. आम्ही बोटांकडे बघून गायचो. तेव्हा ती शिकवण्याची पद्धत वाटायची.

त्या थिएटरातली पुढची गोष्ट राहिलीच. मुलीचा तो सगळा मारा ऐकून झाल्यावर दासी येऊन आईच्या कानात काही सांगते. मुलगा मेल्याची बातमी. आई दिवे मागवते, आणखी दिवे मागवते, आणि उजेडात, विजयी, आत निघून जाते. त्यानंतर ती दिसत नाही. मुलगा मेलेला नसतो. तो येतो, आत जातो, आणि भिंतीपलीकडून आईच्या किंकाळ्या ऐकू येतात. किंकाळी गायची नसते. तिला कुणी टेनर, बॅरिटोन, सोप्रानो विचारत नाही. त्या रात्री ती किंकाळी आली तेव्हा माझ्या शेजारचा माणूस खुर्चीत दचकला. पूर्ण, भरलेला, जराही न थरथरणारा आवाज होता तो.

मग मुलगी नाचून नाचून कोसळली, पडदा पडला, पुन्हा उघडला. सगळे एकेक करून पुढे येऊ लागले. क्लितेम्नेस्त्रा आली तेव्हा अंगावर तेच ताईत, त्याच माळा होत्या, पण उंच टाचांचे बूट जाऊन पायांत साध्या सपाट चपला आल्या होत्या. बराच वेळ आत बसून राहिलेली असणार. सर्वांत शेवटी एलेक्ट्रा आली, घामानं भिजलेली, धापा टाकत, ओठ उघडे. टाळ्यांचा आवाज एकदम चढला. दोघींनी हात धरले, वाकल्या, सरळ झाल्या. मोठीनं अर्धं पाऊल मागे घेतलं. तरुण मुलीचे खांदे अजून वरखाली होत होते, श्वास काही केल्या जागेवर येत नव्हता. मी मोठीच्या छातीकडे पाहिलं. खडे अगदी स्थिर होते.